शेवटचा आकडा

आमच्या देऊळघाटची छाया घरबसल्या सातासमुद्रापलीकडच्या लोकांचे डोळे वाचते. तिकडचे डॉक्टर तपासून काय सापडलं ते लिहितात, आणि छाया त्या आजाराचा ठरलेला कोड लॅपटॉपवर भरते. नुसतं काचबिंदू म्हणून भागत नाही. कुठल्या प्रकारचा, उजव्या डोळ्यात, डाव्या की दोन्ही, हे सगळं त्यात यावं लागतं. शेवटचा आकडा आजार किती पुढे गेलाय त्याचा: एक सौम्य, दोन मध्यम, तीन गंभीर.

दुपारी पंखा फिरत असतो आणि कधी न पाहिलेली माणसं तिच्या खोलीत येऊन बसतात. कुणाच्या डोळ्यात धुकं, कुणाच्या नजरेच्या कडा विझत चाललेल्या. हाक मारली तरी तिला त्यांच्यातून परत यायला वेळ लागतो. मी शेजारीण, मी तिला ‘डोळेवाली’ म्हणून चिडवते. ती हसते, पण अर्धीच.

कंपनीचा नियम कडक आहे. डॉक्टरने लिहिलं नाही ते भरायचं नाही, अंदाज तर मुळीच करायचा नाही.

छायाचे वडील भगवंतराव पाट्या रंगवतात. चिखलीच्या बाजारात त्यांच्या हातची अक्षरं अजून झळकतात. उन्हाळ्यापासून कडेला ठेवलेला रंगाचा डबा त्यांच्या पायाने लवंडू लागला. दारातून येताना खांदा चौकटीला घासायचा. छाया बघायची, आणि मनातल्या मनात कोड जुळत जायचा, शेवटचा आकडा सोडून. मग ती स्वतःला समजवायची की कुणी डॉक्टरने लिहिलेलं नाही, म्हणजे अजून काही नाही. हे तिने मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. कंपनीचा नियम बापाला लावतेस, म्हटलं. ती रडायला लागली. तिला त्या आकड्याची भीती वाटत होती. मग मीच दोघांना बुलढाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. काचबिंदू, दोन्ही डोळे, गंभीर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली रोज थेंब घालून जपायची. छायाचे ओठ हलले. तीन, असं ती म्हणाली असावी.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. ऊन पिवळं, सुस्त झालं होतं. छाया जरा लांब उभी होती.

“मले कडेचं दिसत नाई, हे कवाच समजलं होतं,” भगवंतराव म्हणाले.

“मंग सांगलं काऊन नाई, बाबा?” छायाने तिथूनच विचारलं.

“तू रोज एवढ्या लोकाइचे डोये वाचतं. तू काई म्हनली नाई, म्हनून मले वाटलं, आपलं बरंच असन.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. छाया हळूच येऊन त्यांच्या शेजारी बसली. ते समोर, ती मघाशी उभी होती तिकडेच बघत राहिले. तिने हात धरला तेव्हा त्यांना कळलं.