पाच महागडे आणि रिकामा बाक

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मी सूड घेतला आहे आणि मला त्याचा तिळमात्र पश्चात्ताप नाही.

दुबईतल्या अल कुसैसमध्ये माझा फरसाणाचा धंदा आहे आणि मुलाच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा खर्च मी उचलतो. शारजातल्या एका मराठी कंत्राटदाराने त्याच्या मुलाच्या कॉलेजसाठी आमचा सगळ्यात उंच खेळाडू पळवला. वर मला ऐकवलं, "महिना तीन हजार दिरहम देतोय शेठ, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार रुपये!" जाताना तो उंच पोरगा म्हणाला, "नथिंग पर्सनल, अंकल."

मला मात्र ते फारच पर्सनल लागलं.

असे पाच महागडे घेण्यात कंत्राटदाराचं सगळं बजेट संपलं. त्याचे राखीव खेळाडू फुकट कशाला बसायचं म्हणून निघून गेले. मी माझे थोडके पैसे दहा जणांत सारखे वाटले आणि त्यांच्याविरुद्धच्या फायनलआधी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली: बॉल घेऊन त्या पाचांच्या अंगावरच जायचं, फाउल त्यांना करू द्यायचे. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचे दोघे बाहेर गेले, त्यात पहिला आमचा उंच पोरगा. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्यांचे दमलेले तिघे आणि आमचे ताजे पाच! आम्ही वीस गुणांनी पुढे गेलो, तेव्हा कंत्राटदार रिकाम्या बाकापासून थेट माझ्याकडे धावत आला आणि सगळ्यांसमोर ओरडला,

"अहो शेठ, तुमचे दोघे द्या ना, महिन्याचे पैसे आत्ता देतो!"