तहमास्तरांचा राजीनामा

इंग्रजांनी सयामच्या राजाला फसवलं आणि आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी तहमास्तरांना. पहिली फसवणूक इतिहासाच्या पुस्तकात दीड ओळीत का होईना, आहे. दुसरी कुठेच नाही, म्हणून मी लिहितोय.

तहमास्तर सोलापुरात आम्हाला अकरावीला इतिहास शिकवत. मूळचे वळसंगचे. घरात कन्नड, वर्गात मराठी आणि राग आला की दोन्ही. लढाया ते एका तासात उरकून टाकायचे. तह आला की चार-चार दिवस हलायचे नाहीत, म्हणून नाव तहमास्तर. "तलवारीनं गेलेलं राज्य तलवारीनं परत घेता येतंय रे तम्मा, सही करून दिलेलं कसं घेणार?" म्हणायचे. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. कुठलाही तह ते शेवटच्या कलमापासून वाचत. "वर काय, सगळी मैत्रीच असतीय. खाली बघा."

त्यांचा सगळ्यात आवडता, म्हणजे सगळ्यात चीड आणणारा तह सयामचा. सयाम म्हणजे आताचं थायलंड. इंग्रजांचा वकील नदीत तोफांची बोट आणून व्यापाराचं बोलणं करायला बसला. ठरलं काय? इंग्रजी मालावर शेकडा तीनच जकात, अफूवर तीही नाही, आणि इंग्रजानं गुन्हा केला तर राजाच्या कचेरीत त्याचा न्याय व्हायचा नाही. वर हे सगळं राजाला एकट्याला कधी मोडताही यायचं नाही. नाव मात्र मैत्रीचा आणि व्यापाराचा तह. हे सांगताना मास्तरांच्या हातातला खडू मोडायचाच.

खरा सौदा कसा असतो हे दाखवायला ते आम्हाला मंगळवारच्या बाजारात न्यायचे. कुंभारी गावची एक मावशी तिथे वांगी घेऊन बसायची. मास्तर तिच्याशी तावातावानं घासाघीस करत आणि मध्येच उठून चालू लागत. ती मान वर न करता म्हणायची, "जावा की मास्तर, कोन अडवलंय? आत्ता बाईसाब येत्यात, त्या बरूबर घेत्यात." मास्तर खूश होऊन परत येत आणि तिच्याच भावानं वांगी घेत. "बघा रे, मी गेलो तरी हिचं काही अडत नाही. दोघांनाही उठून जाता आलं, तर तो सौदा. नाहीतर दरोडा." पुढे मी धंद्यात जे काही कमावलं, ते या दोन वाक्यांवर.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या गॅदरिंगला मास्तरांनी सयामच्या तहाचं नाटक बसवलं. वर्गात सगळ्यात जास्त भांडायचो म्हणून मी राजा. इंग्रजांचा वकील झाला अध्यक्षांचा मुलगा. अध्यक्ष म्हणजे सुताचे बडे व्यापारी. आमच्या भागातले निम्मे विणकर त्यांच्याकडून सूत आणायचे आणि विणलेल्या चादरी त्यांनाच, त्यांच्याच भावानं घालायचे. माझे वडीलही त्यातलेच. त्या रात्री अध्यक्ष हार घालून पहिल्या रांगेत, आणि विणकर मागे सतरंजीवर.

मी विचारलं, "वकीलसाहेब, हे कलम संपणार कधी?" मुलगा वाक्य विसरला. विंगेतून मास्तर कुजबुजून सांगत होते, पण त्याला ऐकूच येईना. मग दुकानात रोज कानावर पडणारं वाक्य बापाच्याच सुरात त्याच्या तोंडून बाहेर पडलं: "अरे, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय की! घरचा माणूस समजून करतोय. कर सही, उगं डोकं लावू नको."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए, हे तर आपलं शेटच की!" सगळं मैदान हसलं. माझे वडील तोंडात टॉवेल कोंबून हसत होते. हसले नाहीत ते एकटे अध्यक्ष.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांवर ठपका ठेवला: माझी बेअब्रू करायला वाक्य तुम्ही पढवलंत. "मुलगा आपल्या मनानं बोलला" एवढं मास्तरांनी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आम्हाला म्हणाले, "पोराला फोडून काढील तो. गप बसा."

मी गप बसणाऱ्यातला नाही. दुकानात गेलो आणि म्हणालो, "शेट, ते वाक्य नाटकात नव्हतं. हा काय तुमचा मुलगा इथंच बसलाय, विचारा त्याला." मुलगा गादीवर बापाशेजारी पायाची नखं बघत बसला. अध्यक्ष हसले. "तुझ्या बापाला सूत कुणाचं येतंय रे?" घरी वडिलांनी हात जोडले. "वद्दु रा, नको रे. माग बंद पडतील."

मास्तर अध्यक्षांच्याच चाळीत भाड्यानं राहत. घरात अंथरुणाला खिळलेली आई. शाळेच्या कचेरीत अध्यक्षांनी राजीनामा आधीच टाइप करून ठेवला होता, त्यात शब्द 'स्वखुशीने'. सही करा, नाहीतर खोली आजच्या आज रिकामी करा. मास्तर सही करून बाहेर आले तेव्हा मी भर व्हरांड्यात ओरडलो, "सर, उठून का आला नाहीत?"

"मी उठलो असतो रे तम्मा," ते म्हणाले. "आईला उठता येत नाही."

त्यांना दूर केम गावच्या शाळेत जागा मिळाली. आईला उचलून आम्ही चौघांनी गाडीत निजवलं. गाडी सुटताना ते खिडकीतून मला म्हणाले, "त्या पोराला मारू नको बरं का. त्यानं खोटं काय सांगितलं?" मी मारलं नाही. मास्तर पुढे तिकडेच वारले. 'पोरांना भडकवणारा मास्तर' हे नाव सोलापुरात मागे राहिलं. निम्मं गाव आजही तेच बोलतं.

आता माझे स्वतःचे माग आहेत आणि तो मुलगा शाळेचा अध्यक्ष आहे. परवा माझ्या दुकानात आला होता. शाळेला सभागृह बांधायचंय, माझ्या वडिलांचं नाव देतो म्हणाला. चहा पाजून मी त्याला परत पाठवला.

अध्यक्षसाहेब, तुमचे वडील गेले, त्यांना आता कोण विचारणार? पण ते वाक्य कुणाचं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी तुमच्यासाठी तोंड उघडलं नाही, आणि तुम्ही त्यांच्यासाठी उघडलं नाहीत. तेव्हा तुम्ही पोर होतात, मान्य. आज पोर नाही. येत्या गॅदरिंगला त्याच मैदानावर, भरल्या सभेत, माइकसमोर उभे राहा आणि सांगा: मास्तरांनी काही पढवलं नव्हतं, मीच बोललो होतो, आणि तो राजीनामा स्वखुशीचा नव्हता.

सभागृहाचं नंतर बघू. आधी याचं उत्तर द्या.