गौर कुणी आणायची

आमच्यात मुलगी नाय, असं आई दर भादव्यात चारचौघींना सांगायची आणि मी तिथेच, तिच्या पदराला लागून उभी असायचे. माझं नाव मुलाचं, केस मुलाचे, खाकी चड्डी मुलाची, तेव्हा आईचं काही चुकत होतं असं कुणी म्हणणार नाही. पण मला राग यायचा. वाटायचं, हिने एकदा तरी मान वळवून खाली बघावं.

आम्ही रोह्याच्या पलीकडे अष्टमीत राहायचो. वडील कंपनीत, शिफ्टवर. आमच्याकडची गौर म्हणजे तेरड्याची झाडं. नदीकडे जाऊन ती मुळासकट उपटायची, धुवायची आणि कुमारिकेने छातीशी धरून घरी आणायची. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. दारात घरची बाई त्या मुलीचे पाय धुते आणि विचारते, ‘गौर आली?’ मुलगी म्हणते, ‘आली.’ ‘कशाच्या पावलांनी आली?’ ‘सोन्याच्या पावलांनी.’ मग तांदळाच्या पिठाने काढलेल्या पावलांवर पाय टाकत ती आत जाते आणि अख्खं घर तिच्या मागे. ज्यांच्यात मुलगी नाही त्यांनी शेजारची मागून आणायची. आम्ही समोरच्या काकूंची आणायचो.

ती माझ्याहून थोडी मोठी, आणि तिला त्या गौरीचं काडीचं कौतुक नव्हतं. दारात उभी राहून जांभया द्यायची. एकदा तर सोन्याच्या ऐवजी ‘चपलेच्या पावलांनी’ म्हणाली आणि खी खी करत सुटली. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. अगं बये, तुला काय मिळालंय ते कळतंय का तुला! चणे आहेत त्याला दात नाहीत म्हणतात, ते हेच. माझ्याकडे काम होतं पितळी थाळी बडवायचं, कारण पोरगे थाळी बडवतात. मी अशी बडवायचे की काकू कानावर हात ठेवायच्या.

मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा गौर मी आणावी आणि आईने मला विचारावं.

मे महिन्यात आम्ही पेणला मामाकडे जायचो. त्याचा गणपतींचा कारखाना होता. एसटीने पेणच्या अलीकडचं गडब गाव मागे टाकलं की मी सीटवरून उठून उभीच राहायचे, इतकी घाई. मूर्ती नव्हेत, मला तिथली रद्दी हवी असायची. बाहेरगावी पाठवायच्या मूर्ती बांधताना मध्ये घालायला मामा पोती भरून रद्दी आणायचा आणि तिच्यात मुलांची जुनी मासिकं असायची. त्या गोष्टींत कुणाचं काय काय व्हायचं! राजपुत्राचा बेडूक व्हायचा, राणीचं झाड व्हायचं, आळशी भावाचं गाढव व्हायचं. बेडकाचा पुन्हा राजपुत्रही व्हायचा. मुलाची मुलगी तेवढी कुठे होत नव्हती. पोतंच्या पोतं उपसलं, एक अंक सोडला नाही.

शेवटी मामीला विचारलं, “मामी, पोरग्याची पोरगी झाली अशी गोष्ट नसते काय?”

मामी पॉलिश पेपरने एका गणपतीचं पोट घासत होती. तिने हात थांबवला. “नसली तर तू कर,” ती म्हणाली. “पण मामाला नको सांगू, हसत सुटंल.”

एवढं मनावर घेऊन माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मी लगेच गोष्ट रचली. नदीकाठचा तेरडा सगळ्या मुलींना नाही म्हणतो, मुळं घट्ट रोवून बसतो आणि थाळी बडवणाऱ्या पोराला म्हणतो, मला तूच ने. मग काय, घरच्यांना ऐकावंच लागतं. ती गोष्ट मी किती वेळा स्वतःला सांगितली असेल, त्याला गणती नाही.

मी सहावीत होते तेव्हा, गौरीच्या दिवशी सकाळीच काकू येऊन आईच्या कानाशी लागल्या. त्यांच्या मुलीला पाळी आली होती, पहिलीच. आईने कपाळाला हात लावला. “आता काय करायचं गो? आयत्या वेळी कुणाची पोरगी मिळायची?” आळीतल्या सगळ्या मुली आपापल्या घरच्या गौरींत अडकलेल्या. दोघी शोधायला बाहेर पडल्या. मी थाळी खाली ठेवली आणि नदीकडे पळत सुटले.

मी काही धीट नव्हते. गोष्टीत होतं तसंच होणार अशी माझी खात्री होती, इतकंच. तेरडा उपटला, धुतला, छातीशी धरला. वाटेत कुणीतरी हाक मारली, “काय रे, आज तू?” मी बोलले नाही. मागे बघितलं नाही. एकही नियम मोडला नाही मी. दारात येऊन उभी राहिले.

आई तोवर परतली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, भोवती पाच-सहा बायका. मला वाटलं, आता ओतेल.

“अरे मेल्या, हे काय?” ती म्हणाली. “पोरगे आणतात काय गौर?”

बायका हसल्या. वाईट नाही हसल्या, लहान मुलाच्या वेडेपणाला हसतात तशा. तेच जास्त लागलं.

आईला मिळाली होती ती आळीतल्या शेवटच्या घरातली एक चिमुरडी, नुकती बालवाडीत जाणारी. तिला माझ्या पुढ्यात उभं केलं आणि माझी जुडी तिच्या हातात दिली. जुडी तिच्याहून उंच. ती मागेच कलंडली.

“पडंल गो ती,” काकू ओरडल्या.

“तू मागनं धर,” आई मला म्हणाली.

मी धरली. आईने तिच्या पायांवर पाणी ओतलं, ते ओघळून माझ्या पायांखाली आलं. “गौर आली?” आईने विचारलं. चिमुरडी गप्प. “म्हण गो, आली म्हण,” बायका शिकवायला लागल्या. तिने तोंडात बोट घातलं. आईने पुन्हा विचारलं, “गौर आली?”

“आली,” मी म्हणाले.

आईने मान वर केली. आता ती त्या पोरीच्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, बसणार आता थोबाडीत.

“कशाच्या पावलांनी आली?” तिने विचारलं.

“सोन्याच्या पावलांनी.” माझा आवाज चिरकला. आई गं, किती सुख झालं मला!

तिने बोट हळदीत बुडवून चिमुरडीच्या कपाळाला लावलं, वर कुंकू लावलं. हळद आमच्यात बायकामुलींनाच लावतात. तिचं बोट पुन्हा हळदीत गेलं. मी पुढे वाकले. ते बोट माझ्या कपाळाच्या इतकं जवळ आलं की हळदीचा वास आला. तेवढ्यात काकू खाकरल्या. आईने बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, “चला चला, आत चला, भाजीभाकरी निवतेय.”

आता मी मुलांसाठीच गोष्टी लिहिते. ही गोष्टही लिहिली, आणि तिच्यात आई त्या थाळी बडवणाऱ्या लेकराच्या कपाळाला हळद लावते. मुलं टाळ्या वाजवतात. मी वाचताना तिथे दर वेळी पटकन पान उलटते, कारण ते खोटं आहे.

घर सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी मी साडी नेसून आईसमोर गेले. तिने खूप वेळ बघितलं, मग पदर नीट केला माझा. ‘अगं’ म्हणायला लागली, अडखळत, पण म्हणायची. एकदा मी तिचा जुना करंडा तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, लाव ना. वडील त्याआधीच गेले होते. विधवा बाईने हळदकुंकवाला हात लावायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं.

“आई, मी असलं काही मानत नाही,” मी म्हणाले.

“मी मानते ना गो,” ती म्हणाली आणि करंडा उचलून फळीवर ठेवून दिला.