कडी पक्ष्याच्या पायात, घोर आमच्या जिवाला

पक्ष्यांच्या मागं लागलं की पक्षी हाती मोजकेच येतात, किस्से मात्र थैलीभर! आम्ही तिघं : झूलॉजी शिकवून रिटायर झालेले सर, रिंगिंगचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या प्रतिभाताई आणि बांबू वाहणारा मी. रविवारी पहाटे आमच्या नंदनवन वस्तीतून निघायचं, सावनेरकडच्या तलावाशी बारीक जाळी लावायची आणि सापडलेल्या पक्ष्याच्या पायात नंबरची कडी घालून त्याला सोडायचं. परवानगी आहे, पण चैन नाही. ताई तर बसतच नाहीत. "चहा मंग घेऊ, आधी जाळी पाहून येते!" पक्षी जास्त वेळ लटकला, तर पंख मुरगळतो ना!

*

सरांकडे तर्री-पोहे खात होतो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी विचारलं, "हे कडी घालता काहून पण?"

"पक्षी कुठून येते, कुठं जाते, समजते ना!" सर म्हणाले.

"मंग तुमच्याच पायात घाला एक. रविवारी कुठं जाता, मले तरी समजन!"

*

एकदा खाटीक पक्षी सोडवताना सरांचं बोट फाटलं. रक्ताची धार! तसंच त्यांना दवाखान्यात नेलं.

"कोण चावलं?" डॉक्टर.

"खाटीक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, ही तर पोलिस केस आहे!"

*

सगळंच हसण्यासारखं नसतं. एका सकाळी ऊन अचानक तापलं. ताई धावत पोचल्या, तोवर जाळीतल्या शिंजिरानं मान टाकली होती. अंगठ्याएवढा जीव.

सर हळूच म्हणाले, "प्रतिभा, थोडी रिस्क तर राहतेच."

"रिस्क त्यानं कुठं घेतली होती, सर?"

ताईंनी सगळी जाळी उतरवली. पुढचे कितीतरी रविवार कोणी कोणाला फोन केला नाही. मग एक दिवस ताईंचाच आला, "येता का? आता ऊन चढायच्या आत गुंडाळायचं."

*

मग हिवाळ्यात जाळीत एक धोबी पक्षी सापडला. पायात आधीच कडी! नंबर पाहिला, तर आमचाच, मागच्या हिवाळ्यातला. हिमालयापल्याड जाऊन पोरगा परत त्याच बोरीच्या झुडपाशी आला होता! हे कडीशिवाय कोणाला कळलं असतं? मी ओरडलो. सर तर चिखलात नाचायलाच लागले.

"ओळखलं वं त्यानं आपल्याले, प्रतिभा! ओळखलं!"

ताईंच्या मुठीत तो गप्प होता. त्यांनी मूठ हलकेच उघडली.

"हो सर. म्हणूनच काळीज इतकं धडधडून राहिलं त्याचं."