कचरा नावाचा फोल्डर

लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायची. घर नांदेडला. आठवडाभर पहाटेपासून बॅचेस, आणि शनिवारी दुपारी नांदेडची बस. त्यात फोटोंचा छंद. फोटो काढायला वेळ लागत नाही, वेळ खातं ते नंतरचं काम, म्हणजे निवडणं आणि सुधारणं. म्हणून मी माझी एक पद्धत बसवली होती. बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, एका फोटोला दोन सेकंदांहून जास्त द्यायचे नाहीत आणि प्रत्येक फोटो तीनपैकी एका फोल्डरमध्ये ढकलायचा. 'उत्तम', 'चालेल' आणि 'कचरा'. मग एका फोटोचा उजेड-रंग नीट करून तेच बदल बाकीच्यांवर एका झटक्यात चढवायचे. "आठशे फोटो, नांदेड यायच्या आत," असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगायची.

क्लासच्या चौकशीच्या टेबलावर किल्लारीची एक मुलगी बसायची. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली.

"मॅडम, फोटो तुम्हीच काढा. आमच्या घरात भूकंपाच्या आधीचा एक फोटो न्हाई. बापाचा बी न्हाई. हे तरी चांगले निघू द्या."

वडील भूकंपात गेले होते. आईने दोघांना एकटीने वाढवलं होतं. मी लगेच हो म्हटलं. खरं तर मला नवा फ्लॅश वापरून बघायचा होता.

लग्नाच्या दिवशी मी मांडवभर धावत होते. दुपारी एका बाईने माझा दंड धरून मला पंगतीत बसवलं. "लई पळून राहिल्या बाई तुम्ही. आधी चार घास खा," म्हणत तिने स्वतःच्या हाताने वाढलं. ती नवऱ्यामुलाची आई होती.

परतीच्या बसमध्ये मी कामाला लागले. मांडवाच्या पिवळ्या कापडाने सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसत होते. तो पिवळेपणा मी एका फोटोतून काढला आणि तीच दुरुस्ती सगळीकडे लावली. हललेले, अंधारे, डोळे मिटलेले फोटो पटापट कचऱ्यात टाकले. सोमवारी दोन बॅचेसच्या मधल्या दहा मिनिटांत सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून तिच्या टेबलावर ठेवलं. कचऱ्याचा फोल्डर वगळायचा राहिला.

चार दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"मायचे सगळेच फोटो कचऱ्यात कसे गेले?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. नव्या सुनेच्या माहेरची माणसं आली होती, म्हणून भावाने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. दोन फोल्डर बघून झाले, माय कुठेच दिसेना. तिसरा उघडला. वर ठळक अक्षरांत नाव, आणि आत हललेले हात, कुणाकुणाच्या पाठी, आणि माय. लेकाच्या डोक्यावर अक्षता टाकणारी, विहिणीला भेटणारी, सुनेचा हात धरून उभी असलेली. फ्लॅश उडाला की तिचे डोळे मिटायचे. प्रत्येक फोटोत मिटलेले होते.

"पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, विहीणबाई कचऱ्यात निघाल्या की. माय बी हसली. मग चहा टाकते म्हणून आत गेली ती पाहुणे उठेस्तोवर बाहेर न्हाई आली."

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मी काय केलं, तर तिला समजावत बसले. म्हटलं, "अगं, ते नुसतं कामापुरतं नाव असतं. डोळे मिटलेले फोटो बाजूला काढावेच लागतात."

"हाव मॅडम. मी तेच सांगितलं तिला," ती म्हणाली आणि टेबलाकडे गेली.

त्या संध्याकाळी मी तो फोल्डर पुन्हा उघडला. त्यात मायचे एकवीस फोटो होते. जिने मला जेवू घातलं, तिला मी एकवीस वेळा दोन-दोन सेकंद पाहिलं होतं, आणि एकदाही ओळखलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी नांदेडला गेले नाही. शनिवारी जीपने किल्लारीला गेले. काय बोलायचं ते वाटभर मनात घोकत होते. मला दारात बघून मायचा चेहरा फुलला. "बाई आल्या!" म्हणत तिने पाणी दिलं, चहा दिला. कचऱ्याचा विषय काढला नाही, आणि माझ्या तोंडूनही घोकलेलं काही निघेना. शेवटी म्हटलं, "मावशी, तुमचे दोन फोटो काढू का?"

ती आत जाऊन लग्नातलं लुगडं नेसून आली. ओसरीच्या उजेडात बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तिने डोळे ताणून मोठे केले. इतके, की कपाळावर आठ्या पडल्या.

"मावशी, सैल बसा. फ्लॅश नाहीये."

"न्हाई बाई. मिटले तर पुन्हा तिकडंच जातेत ना?"

ती डोळे मिटेना. त्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी मिटेना. मी कॅमेरा खाली ठेवला. "चूक माझी होती, मावशी. तुमच्या डोळ्यांची नव्हती," एवढंच कसंबसं म्हणाले.

"असू द्या हो. तुम्हाला तरी किती कामं," तिने मलाच समजावलं. "काढा आता."

मी काढले. त्यानंतर ती बोलताना, हसतानाही काढले. सगळे छापून मी तिच्यापुढे पसरले तेव्हा तिने ताणलेल्या डोळ्यांचाच उचलला. तो त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर आहे. कुणी आलं की माय कौतुकाने दाखवते, "आमच्या बाईंनी काढला." मी मात्र त्यांच्याकडे गेले की त्या भिंतीला पाठ करून बसते.