सारवलेलं खळं

दिवाळी संपल्यावर मी आणि माझी मैत्रीण त्र्यंबकहून हरसूलमार्गे पेठपर्यंत पायी निघालो. दोघीही पन्नाशीला टेकलेल्या, नाशिकच्या एकाच कॉलेजात शिकवणाऱ्या. मुक्काम ठरलेले होते, कुठे शाळेचा व्हरांडा, कुठे देवळाचा मंडप. फक्त हरसूलच्या पुढे एका रात्रीची सोय नव्हती. तिथे आम्हाला तंबू लावावा लागणार होता.

आदल्या मुक्कामी शाळेच्या व्हरांड्यात गावातल्या बायका आमच्याभोवती जमल्या होत्या. मुलं किती, नवरे का नाही आले, गाडी असताना पायी कशाला? मैत्रीण हसत उत्तरं देत होती. मला ते नकोसं झालं. दुसऱ्या दिवशी चालताना मी मनाशी ठरवूनच टाकलं की आज कुणाच्या दारात जायचं नाही.

दिवस कलला तरी जागा मिळेना. जिकडे तिकडे उतार, दगड, कापलेल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, टोचरी खुंटं. ओहळाकाठी एक तुकडा बरा वाटला, पण तिथे वारूळ निघालं. मग एका टेपाडावर गोल, गुळगुळीत, केरकचरा नसलेली जागा दिसली. शेणाचा वास येत होता. समोर हाकेच्या अंतरावर घर होतं.

मैत्रीण म्हणाली, हे कुणाचं तरी खळं आहे, मळणीसाठी नुकतंच सारवलंय, आपण विचारून येऊ. मी तिला म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उजाडायच्या आत निघू. तरी टॉर्च एकदा घराकडे फिरवला, मग पुन्हा एकदा. अंगणात कुणी उभं असल्यासारखं वाटलं, तशी मी टॉर्च खाली केला. जमीन अजून ओलसर होती, तंबूच्या खुंट्या सहज आत गेल्या. तिथेच स्टोव्हवर खिचडी केली, तिथेच भांडी विसळली.

दमलेल्या होतो, जाग आली तेव्हा ऊन आलं होतं. बाहेर तिशीतली एक बाई उभी होती, डोक्यावर नागलीचा भारा. ती आमच्याकडे बघत नव्हती, खुंट्यांकडे बघत होती. सारवणाचे पापुद्रे सुटले होते, बुटांचे ठसे उमटले होते. पाणी सांडलं तिथे चिखल झाला होता.

तिने भारा खाली ठेवला आणि विचारलं, "घर नाय दिसलं का?"

"नाही," मी म्हणाले. "अंधार झाला होता."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि तंबू सोडायला घेतला.

बाई ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने शेणाची पाटी आणली आणि कामाला लागली. आम्ही सारवतो म्हटलं तर म्हणाली, तुम्हाला जमायचं नाय, पाणी आणा. झरा खाली ओढ्यात होता. हंडा भरून ती चढण चढताना मला दोनदा थांबावं लागलं. आदल्या दिवशी तिने हे पाणी एकटीने वाहिलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती झऱ्यावर हात धुवायला आली. बोलता बोलता कळलं की तिचा नवरा परवा निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जाणार होता, गाडी ठरलेली होती. तो जायच्या आधी मळणी उरकायची म्हणून तिने घाईने खळं केलं होतं. आता ते वाळायला पुन्हा दोन दिवस लागणार. मग मळणी तिने आणि सासूने करायची.

उचललेला हंडा मी परत खाली ठेवला. मी म्हणाले, "घर दिसलं होतं मला."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुमची बॅटरी दोनदा फिरली आमच्याकडं. सासू म्हनली, बाया येतील आता. भात वाढीव टाकला व्हता."

माफी मागायची होती, पण ती तेवढ्यात हंडा काखेत घेऊन वर निघालीही होती.

दोन दिवस थांबून मळणीला हात लावू का, असं मैत्रिणीने तिला विचारलं. विचारायला हवं होतं मी. बाई किंचित हसली आणि म्हणाली, तुमचं तुमी चाला. सासू अंगणात बसली होती. तिने आम्हाला पेठची पायवाट हाताने दाखवली, मुलांबाळांचं काही विचारलं नाही.

वाटेत मैत्रीण मला एका शब्दाने बोलली नाही. कॉलेजात परतल्यावर लोकांनी प्रवासाचं विचारलं, तेव्हा ती डोंगरांबद्दल, पायाच्या फोडांबद्दल सांगत राहिली. त्या मुक्कामाशी आली की ओढ्याकाठी तंबू लावला होता, असं म्हणायची आणि पुढे जायची. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि मी शेजारी बसून तिला बोलू देत होते.