माल यायचाय

महिपत शिगवण तिसऱ्यांदा हरवला तेव्हा ठाण्यात सापडला, खोपटच्या एसटी डेपोत. बाकड्यावर शांत बसला होता, हातात गवंड्याचा ओळंबा. कंट्रोलरने हटकलं तर म्हणाला, "साईट संपली, गावाला चाललोय." गाव संगमेश्वरकडचं. तिथलं घर कधीच पडून गेलेलं. आधीच्या दोन्ही खेपांना तो टिटवाळ्यातच मिळाला होता. एकदा तर काळू नदीत, गुडघाभर पाण्यात उभा.

त्याला घेऊन येताना नंदाने, त्याच्या बायकोने, ठरवलं की अंगणाला भिंत घालायची.

महिपतने उमेदीची सगळी वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बांधकामांवर मुकादमी करण्यात घालवली. टिटवाळ्यात दीड गुंठा घेतला, घर बांधलं, पण अंगणाला तारेचं कुंपण होतं ते तसंच राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग नातवंडांची नावं, मग नंदा. आता तो तिला 'बाई' म्हणायचा. नंदा एकसष्ट वर्षांची. बचत गटाच्या स्वयंपाकघरात शाळांची खिचडी शिजवायची, सकाळी नऊ ते एक. घर त्याच पगारावर चालत होतं. ते चार तास महिपतला कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. घरात कोंडून पाहिलं, तर त्याने मुठीने खिडकीची काच फोडली. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "कोंडू नका. मोकळं फिरू द्या, फक्त बाहेर जाऊ देऊ नका."

मुलगी रसिका मानपाड्याला राहते. ती फोनवर म्हणाली, "आई, इकडे आणू का बाबांना?"

"कुठे ठेवशील? एका खोलीत सासू, दोन पोरं आणि वर हे?"

नंदाने भिशी उचलली.

गवंडी देवराम. तो पूर्वी महिपतच्याच हाताखाली असायचा. त्याने अंदाज सांगितला: पाया, साडेचार इंची, पाच फूट उंच भिंत, मध्ये खांब, लोखंडी दार. भिशीत बसत नव्हतं.

"बिगारी काढून टाक," नंदा म्हणाली. "मी आहे."

"वहिनी, घमेली उचलायचीत, पातेली नाही."

"खिचडीचा टोप कधी उतरवून बघ, मग घमेल्याचं सांग."

देवराम हसला, पण बिगारी कमी झाला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या प्रमोदिनीताईंकडून नंदाने आठ दिवसांची रजा मागून घेतली. ताई म्हणाल्या, "नवव्या दिवशी आली नाहीस तर दुसरी बाई उभी करीन हं. पोरांना खिचडी लागते, कारणं नाही."

विटा बघायला देवरामबरोबर जाताना महिपतलाही न्यावं लागलं. मागे कोणाजवळ ठेवणार? विटांच्या डेपोत तीन थप्प्या होत्या. पक्की लाल, राखेची करडी, आणि एक फिकट पिवळसर, सगळ्यांत स्वस्त. नंदा पिवळ्या थप्पीपाशी वाकली. इतका वेळ तिचा पदर धरून चालणाऱ्या महिपतने पदर सोडला. दोन विटा उचलल्या, एकमेकींवर आपटल्या. धप्प आवाज आला.

"कच्ची. पावसात चुरा होईल." त्याने त्या खाली टाकल्या आणि लाल थप्पीतल्या दोन उचलल्या. खण्ण वाजल्या. मग नखाने ओरखडा काढून पाहिला. नख उमटलं नाही. "ही घे. कोणाचं काम आहे, बाई?"

नंदा म्हणाली, "एका बाईचं."

"तिला भिंत कशाला पाहिजे?"

"घरातला माणूस निघून जातो."

महिपतने मान डोलावली. "मग पाच फूट नाही पुरायची. सहा कर. आणि आतून गिलावा पाहिजे. सांध्यात बोटं रुतवून चढतो माणूस. बाहेरून कोरी ठेवलीस तरी चालेल." तो थांबला. "वेडा आहे का?"

"नाही. मुकादम आहे."

"मुकादम? मग सहासुद्धा कमीच पडेल."

देवराम दुसरीकडे बघून नाक शिंकरायला लागला. नंदाने लाल विटा सांगितल्या, उंची सहा फूट. बाहेरचा गिलावा रद्द झाला. आतला ठेवला.

पुढचे आठ दिवस महिपत हरवला नाही. कुंपणाची तार काढलेली, अंगण चारी बाजूंनी उघडं, तरी तो रस्त्याकडे फिरकला नाही. विटा भिजवून घेत होता, प्रत्येक थराला ओळंबा लावत होता. नंदावर ओरडत होता: "बाई, माल पातळ झालाय! घरी आमटी अशीच करता का?" गेल्या दोन वर्षांत तो इतकं सलग बोलला नव्हता. नंदाच्या खांद्यांची सालं निघाली. तिचं लक्ष भिंतीच्या उंचीकडे होतं. हा माणूस भिंतीशिवायच थांबलाय, हे तिला दिसत होतं, पण त्यावर विचार करायला फुरसत नव्हती.

आठव्या दिवशी संध्याकाळी लोखंडी दार बसलं. महिपतने गिलाव्यावरून तळवा फिरवला, हात झटकले.

"झालं काम. चला, मी निघतो. खोपटवरनं गाडी आहे माझी."

दाराला कुलूप होतं. तो कडी हलवत राहिला, देवरामच्या नावाने हाका मारत राहिला. शेजारी खिडक्यांत आले. अंधार पडल्यावर दमून ओट्यावरच झोपला.

नववा दिवस उजाडला. नंदा चहा टाकून बाहेर आली तेव्हा महिपत भिंतीला लागून उभा होता आणि त्याचं डोकं भिंतीच्या वर दिसत होतं. उरलेल्या विटांच्या त्याने पायऱ्या रचल्या होत्या. नीट, सांध्यावर सांधा न येऊ देता. एक पाय भिंतीवर पोचला होता. पलीकडे नाल्याचा दगडी उतार.

नंदाने धावत जाऊन त्याचे दोन्ही पाय कवटाळले. तो वरून तिच्या डोक्यावर चापट्या मारत होता. "सोडा, बाई! गाडी चुकेल!" पाय न सोडता तिने कमरेचा मोबाईल काढला आणि देवरामला लावला.

"ते चढलेत भिंतीवर. माझ्याच्याने होत नाही रे आता. नाही होत."

देवराम दुसऱ्या कामावर पोचला होता. मागे मिक्सर घरघरत होता. तो म्हणाला, "वहिनी, फोन स्पीकरवर टाका. मुकादम, ओ मुकादम! देवराम बोलतोय. माल यायचाय अजून. सिमेंटची गाडी निघालीय. तुम्ही कुठे चाललात साईट सोडून?"

वरच्या चापट्या थांबल्या.

"मला कोणी सांगितलं नाही," महिपत म्हणाला. "कधी येणार?"

"दुपारपर्यंत. तोवर विटा कोऱ्या मांडून बघा."

महिपत एकेक पायरी खाली उतरला. पुटपुटत पायऱ्या मोडल्या आणि अंगणाच्या मधोमध, सिमेंटशिवाय, विटांची ओळ मांडायला बसला. नंदा भिंतीला टेकून उभी होती. नऊ वाजत आले होते.

तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, पोळीचा डबा ठेवला. बाहेर पडून दार ओढलं, कुलूप अडकवलं. आतून लगेच कडी वाजली.

"कुलूप कोणी लावलं? बाई! गाडी आत कशी येणार?"

"उघडतील ते आल्यावर."

"कोण उघडणार? मालाची गाडी उभी ठेवायची? दार उघडा म्हणतो ना!" कडी पुन्हा वाजली, मग त्याची मूठ. पत्रा हादरला. टाके घातलेलीच मूठ.

नंदाने कुलूप काढलं. दार सताड उघडलं. समोर रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला नदीकडची वाट. महिपतने दाराकडे बघितलं, ट्रक शिरेल का याचा अंदाज घेतला आणि समाधानाने विटांकडे वळला.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. मग पदर खोचला.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "वाटेत गाडी दिसली तर सांगा, उशीर झालाय म्हणावं."

"सांगते," नंदा म्हणाली आणि निघाली. कुलूप तिच्या हातातच राहिलं होतं.